पाण्याच्या उलट दिशेने

फ्रान्समधल्या शामोनीहून स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटला पायी जाणारी वाट पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. तिच्या उत्तरार्धात डोंगराच्या पोटातून पाणी मात्र नेमकं उलटं येत असतं. मॅटरहॉर्नच्या आसपासच्या हिमनद्या वितळतात, ते पाणी झेरमाटजवळ अडवलं जातं आणि बोगद्यांतून पश्चिमेला, ग्राँद दिक्साँस धरणाच्या तलावात येऊन पडतं. ३५ हिमनद्यांचं पाणी आणि सगळे मिळून सुमारे १०० किलोमीटरचे बोगदे. ही वाट मी निवडली ती या पाण्यासाठी. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली उमेदीची वर्षं कोयनेवर. पूर्वेकडे निघालेलं पाणी वळवून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या जनित्रांवर कसं उतरवतात, हे मी जवळून पाहिलंय. तेच काम बर्फाच्या मुलखात कसं केलं असेल, याचं कुतूहल नोकरीत असल्यापासून होतं. लंडनला राहणारी भाची म्हणाली, “मावशी, तू चाललीस तर मीही येते.” मग गाईडसह जाणाऱ्या एका गटात आम्ही दोघींनी नावं घातली.

१८६१ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहकांनी शामोनी ते झेरमाट असा जो उंचावरचा मार्ग काढला, तो हिमनद्यांवरून जातो. त्याला दोर, कुऱ्हाड, क्रॅम्पॉन सगळं लागतं. आमची वाट चालणाऱ्यांची. खिंडीमागून खिंड ओलांडत ती सुमारे १८० किलोमीटर जाते. तरी उंची पुष्कळ आहे. बऱ्याच खिंडी २८०० ते २९०० मीटरच्या घरात आहेत, आणि एका दिवसात हजार मीटर चढून तितकंच उतरायचं हे नेहमीचंच.

आमची गाईड वाले प्रांतातल्या एरांस खोऱ्यातली, तिशीतली मुलगी. पहिल्या दिवशी तिने आम्हाला इतकं हळू चालवलं, की गटातले दोघे बेल्जियन भाऊ कुरकुरायला लागले. तिने ऐकलं नाही. सकाळी आठला जी चाल, तीच दुपारी तीनला. घड्याळ ती फारसं बघत नसे, आकाश बघे. स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असतो: अमुक हट, ३ तास २० मिनिटं. आमचा वेळ त्या पाटीपेक्षा थोडा जास्त, पण रोज सारखाच जास्त असायचा. सह्याद्रीत मी धापा टाकत चढून माथ्यावर कोसळणाऱ्यांपैकी. एकाच चालीने दिवसभर चालण्यात शरीराला किती सुख आहे, ते मला या मुलीने दाखवलं.

बाल्म खिंडीत फ्रान्स संपतो. पुढे त्रियांच्या हिमनदीकडे जाणारी वाट एका जुन्या पाटाच्या काठाकाठाने जाते. वाले प्रांतात अशा पाटांना बीस म्हणतात. हा सगळा प्रांत पर्जन्यछायेत आहे, खाली ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उन्हाळा कोरडा जातो. म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून कड्यांच्या अंगाने पाट खोदले, जिथे खोदता येईना तिथे लाकडी पन्हळी टांगल्या आणि हिमनदीचं पाणी कुरणांपर्यंत आणलं. पाण्याच्या पाळ्या गाव ठरवत असे. कुणाचा हक्क किती, याच्या खुणा लाकडाच्या तुकड्यांवर कोरून ठेवत. गाईड हे सांगत होती तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पांझरा नदीवरची फड पद्धत होती. बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाळ्या सांभाळणारे पाटकरी, शेवटच्या शेतकऱ्यालाही पाणी मिळालं पाहिजे हा दंडक. मी तिला सगळं समजावून सांगितलं. चालता चालता ती मला काठीने मातीत फडाची आकृती काढायला लावत होती आणि गट पुढे जाऊन आमची वाट बघत होता. या बीस पाटांची पारंपरिक सिंचन म्हणून २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. आपल्या फडांनाही तशी दाद मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

हटबद्दल, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरांबद्दल, सांगितलंच पाहिजे. स्विस आल्पाइन क्लब १८६३ मध्ये स्थापन झाला आणि आज त्याच्या दीडशेच्या वर हट डोंगरभर आहेत. खासगी हट निराळ्या. दारात बूट काढायचे, मांडणीवरच्या सपाता घालायच्या, बॅगा आणि काठ्या ठरल्या जागी. झोपायला एका ओळीत गाद्या आणि घोंगड्या, आत घालायची पातळ रेशमी खोळ आपली आपण आणायची. जेवण सगळ्यांना एकाच वेळी. शाकाहारी असल्याचं आधी कळवलं होतं, त्यामुळे कुठेही अडलं नाही: सूप, पोलेंटा, चीज, आणि रोश्टी, जी आपल्या बटाट्याच्या किसासारखीच, फक्त जाड थापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेली. रात्री दहाला दिवे बंद. वहीत नाव आणि उद्या कुठे जाणार ते लिहायचं. कुणी पोचलं नाही तर शोध कुठून सुरू करायचा, हे त्या वहीवरून ठरतं.

आणि पाणी. नळाला ‘हे पिऊ नये’ अशी पाटी, पिण्याचं पाणी विकत किंवा उकळलेलं. वरच्या हटमध्ये अंघोळ नाही. आम्हाला याचं नवल वाटलं नाही, पण गटातलं डच जोडपं चकित झालं. समोर एवढा बर्फ, आणि पाणी नाही? हट सांभाळणाऱ्या बाईंनी खिडकीतून वर बोट दाखवलं. छताच्या मागे जो बर्फाचा पट्टा उन्हाळाभर टिकायचा, त्यातून नळी टाकलेली असे. आता तो जुलैतच संपतो. मग टाकीत साठलेलं पुरवायचं. दुष्काळी तालुक्यात टँकरची वाट बघणाऱ्या बायांच्या चेहऱ्यावर जी काळजी मी पाहिली आहे, तीच या बाईंच्या चेहऱ्यावर २९०० मीटरवर पाहिली.

प्राफ्लरीची हट मुळात धरणाच्या कामाशी जोडलेली. धरणाच्या काँक्रीटसाठी लागणारी खडी-वाळू याच उघड्या, करड्या खोलगटातून काढली. आजही तिथे गवताचं पातं दिसायला शोधावं लागतं. सगळे तिथून रू खिंडीवरून जातात, कारण तिथून अख्खा तलाव एका नजरेत दिसतो. मी गाईडला म्हटलं, मला भिंत बघायची आहे. तिने सगळ्यांना विचारलं, आणि आम्ही खिंड सोडून धरणाच्या माथ्यावर उतरलो.

२८५ मीटर. जगातल्या गुरुत्व धरणांत सर्वांत उंच. माथ्याची लांबी सुमारे ७०० मीटर, तळाशी जाडी २०० मीटर, काँक्रीट ६० लाख घनमीटर. केवळ स्वतःच्या वजनावर ते पाणी तोलून धरतं, आणि ते वजन दीड कोटी टन आहे. आकडे मला पाठ होते. तरी कठड्यावरून खाली बघितलं तेव्हा पायथ्याच्या इमारती काडेपेटीएवढ्याही दिसेनात, आणि मी कठडा दोन्ही हातांनी धरला. १९६१ मध्ये ही भिंत पुरी झाली. कामाच्या भरात तीन हजारांच्या आसपास माणसं इथे राबत होती, हिवाळ्यातसुद्धा. त्यांत पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेला तरुण जाँ-ल्यूक गोदारही होता. त्याने या कामावर ‘ओपेरास्यों बेतों’ नावाचा आपला पहिला लघुपट केला. फिल्म सोसायटीत त्याचे पुढचे सिनेमे पाहिलेल्यांना हे ठाऊक असेल. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, भाचीने तिथे उभं राहून सांगितलं.

कोयनेची भिंत १०३ मीटरची, आणि तिच्यामागे १०५ टीएमसी पाणी. ही भिंत तिच्या पावणेतीनपट उंच, आणि पाणी ४० कोटी घनमीटर, म्हणजे जेमतेम १४ टीएमसी. भाचीने विचारलं, “मावशी, मग एवढा खटाटोप कशाला?” उत्तर उंचीत आहे. हे पाणी २३६४ मीटरवर आहे. ते ऱ्होनच्या काठी ब्यूद्रोनच्या वीजघरात १८८३ मीटर खाली कोसळतं. असा पाण्याचा पडाव जगात दुसरीकडे नाही. थेंबाथेंबातून वीज काढायची म्हणून थेंबाथेंबासाठी भिंत. उन्हाळ्यात बर्फ वितळतो तेव्हा साठवायचं, हिवाळ्यात घरं तापवायला लागतात तेव्हा सोडायचं. आमचं साठवणं पावसाचं, यांचं उन्हाचं. या तलावाच्या पाण्याखाली आणखी एक धरण आहे. १९३५ मध्ये पुरं झालेलं, ८७ मीटरचं. हिवाळ्याच्या शेवटी पाणी खाली गेलं की ते दिसतं.

तलावाच्या काठाने आम्ही दक्षिणेकडे गेलो आणि दगडधोंड्यांतून चढून संध्याकाळी दिस हटवर पोचलो. समोर माँ ब्लाँ द शेलोंची काळी उत्तर भिंत. दुसऱ्या दिवशी हिमनदीचा सपाट भाग ओलांडायचा होता. उन्हाळ्यात तिथे वरचं हिम उरत नाही, उघडा करडा बर्फ असतो, भेगा दिसतात. गाईडने थांबवून खाली वाकायला सांगितलं. बर्फाच्या पृष्ठभागावर बोटभर रुंदीचे असंख्य ओहोळ वाहत होते, सगळे आमच्याच तलावाकडे. पाण्याच्या उगमाशी मी आजवर अनेकदा गेले आहे, महाबळेश्वरलाही, पण वाहणं सुरू होण्याचा क्षण असा पायाखाली कधी पाहिला नव्हता. त्यापुढे घसरत्या दगडांचा चढ आणि पा द शेव्र खिंडीच्या लोखंडी शिड्या. एकेकाने चढायचं, तीन आधार कायम ठेवायचे. डच बाईंना मध्येच भीती वाटली, तेव्हा गाईड त्यांच्या खालच्या पायरीवर उभी राहून फक्त पुढच्या पावलाबद्दल बोलत राहिली.

आरोला मागे पडलं. एरांसच्या काळ्याभोर, आखूड अंगाच्या गाई दिसल्या, गाईडच्या गावच्या. पुढे तोराँ खिंड आणि मग म्वारीची हट. हिमनदी जिथे कड्यावरून तुकडे होत उतरते, त्याच्या बरोबर बाजूला खडकावर ही हट आहे. जेवणाच्या खोलीला भिंतीइतकी काच. रात्रभर बर्फ तुटल्याचा आवाज येत होता. हट सांभाळणाऱ्याने भिंतीवर जुने फोटो लावले होते. आज जिथे धोंड्यांचा ढीग आहे तिथे फोटोत बर्फ होता, आणि तो फार जुना फोटो नव्हता. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ या एका वर्षात ६ टक्के बर्फ गमावला, पुढच्या वर्षी आणखी ४ टक्के. पाटबंधाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ही आवक नाही, हा मृत साठ्याचा उपसा आहे. आज तलावात भरपूर पाणी येतं म्हणून कुणाला टंचाई जाणवत नाही. बर्फ आटला की आवकही आटेल, आणि तीही ऐन ऑगस्टमध्ये, जेव्हा खालच्या कुरणांना पाणी हवं असतं.

झिनालनंतर पाट्या फ्रेंचमधून जर्मनमध्ये गेल्या, ग्रुबेनला पाऊस लागला, आउग्स्टबोर्ड खिंड धुक्यात ओलांडली. झेरमाटच्या खोऱ्यातली वरची वाट दरडींमुळे काही ठिकाणी बंद होती. आम्ही रांडा गावातून झुलत्या पुलापर्यंत चढलो. ४९४ मीटर लांबीचा हा पूल २०१७ मध्ये बांधला. त्याआधीचा पूल दगड पडून मोडला होता. रांडाच्या समोर डोंगराचा एक अख्खा कोपरा नाहीसा झालेला दिसतो. १९९१ च्या एप्रिल-मे मध्ये तिथून सुमारे ३ कोटी घनमीटर खडक कोसळला, नदी अडली, रेल्वेमार्ग गाडला गेला. खडकांच्या भेगांतला कायमचा बर्फ वितळतोय, त्यामुळे अशा जागा वाढताहेत. काही टप्प्यांवर गाईड म्हणे, “इथे थांबायचं नाही, फोटो नाही, बोलणंही नाही.” आम्ही अंतर राखून झपाझप जात असू.

पलीकडच्या साअसच्या खोऱ्यात मातमार्क धरण आहे. ३० ऑगस्ट १९६५ रोजी त्याचं बांधकाम चालू असताना वरच्या आलालिन हिमनदीचा कडा तुटून कामगारांच्या बराकींवर आला. ८८ माणसं गेली, त्यांतली ५६ इटलीहून पोटासाठी आलेली. खटल्यात सगळे आरोपी सुटले आणि अपिलात मृतांच्या नातेवाइकांनाच निम्मा खर्च भरायला लावला. बराकी कुठे उभारायच्या, हा निर्णय कुण्या अभियंत्याने कागदावर घेतला असणार. माझ्या आयुष्यात मीही अशा कागदांवर सह्या केल्या आहेत, म्हणून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. २०२५ च्या मे महिन्यात याच प्रांतात ब्लाटेन गाव हिमनदी आणि दरडीखाली गाडलं गेलं. त्याआधी काही दिवस गाव रिकामं केलं होतं, कारण डोंगरावर लक्ष ठेवणाऱ्यांनी वेळेवर सांगितलं आणि लोकांनी ऐकलं.

झेरमाटला पोचल्यावर बाकीचे मॅटरहॉर्न बघायला रेल्वेने वर गेले. मी आणि गाईड त्स्मुटच्या बाजूला गेलो, जिथे हिमनद्यांचं पाणी अडवून, वर चढवून पश्चिमेच्या बोगद्यात ढकलतात. पंपांचा घरघराट ऐकू येत होता. तिने मला गोर्नर हिमनदीखालच्या नव्या प्रकल्पाबद्दल सांगितलं. बर्फ मागे हटून जी जागा मोकळी झाली, तिथे ८५ मीटरचं धरण आणि १५ कोटी घनमीटर पाणी, म्हणजे सुमारे सव्वापाच टीएमसी. हिवाळ्याची वीज, शिवाय पुरापासून झेरमाटचं रक्षण. तिला ते नको आहे. बर्फ गेल्यावर निदान डोंगर तरी मोकळा राहू द्या, असं तिचं म्हणणं. “तुमच्यासमोर कागद आला तर सही कराल?” तिने विचारलं. मी म्हटलं, “करेन. बर्फाने आजवर जे पाणी धरून ठेवलं, ते आता कुणीतरी धरायलाच हवं. पण खालच्या शेवटच्या शेतकऱ्याची पाळी आधी लिहून घेईन.” तिला ते पटलं नाही. गावात उतरेपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.