वशिंडाचा उठाव

चामड्यावर कोरलेलं चित्र उठून दिसतं, ते बहुतेक वेळा त्याच्या भोवतालचं चामडं खाली बसवल्यामुळे. फिरत्या पात्याच्या सुरीनं रेघ जाडीच्या निम्म्यापर्यंत कापायची आणि मग बाहेरच्या अंगाला बेव्हलर, म्हणजे तिरप्या तोंडाचा ठसा, टेकवून मोगरीनं ठोकत जायचं. बाहेरची कड दबते, आतली तशीच राहते. सावली पडली की पान वर आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते तिळभरही वर आलेलं नसतं. अमेरिकेत खोगीर करणाऱ्या कारागिरांनी हे काम फार उंचीवर नेलं. पानाफुलांना एवढं पुरतंही. जनावराला पुरत नाही.

मी खिलार बैल कोरतो. खिलारचं वशिंड नुसत्या सावलीवर उभं राहत नाही. असं चित्र समोर आलं की बघणाऱ्याचा हात आपसूक त्यावर फिरतो आणि बोटांना सपाटी लागली की बैलातला जीव जातो. तिथे चामडं मागून ढकलून खरोखरच वर काढावं लागतं.

क्रोममध्ये कमावलेलं चामडं या कामाचं नाही. ओलं करून कितीही दाबा, वाळता वाळता ते मूळपदावर येतं. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं मात्र दिलेला आकार धरून ठेवतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीनं कमावलं गेलं. उठावासाठी मी अडीच-तीन मिलिमीटर जाडीचा तुकडा निवडतो. त्याहून जाड असला तर ढकलता ढकलत नाही आणि फार पातळ असला तर ताण आल्यावर सुरीच्या कापातून फाटतो.

मग ओल. स्पंजनं भिजवलेलं चामडं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचं. मुरलेल्या कणकेसारखं ते आतबाहेर एकजीव व्हायला हवं. सकाळी उघडलं की वरचा रंग हळूहळू उजळू लागतो, पण गालाला लावलं तर गार लागतं. कोरायची वेळ ती. मागून ढकलण्यासाठी मात्र मागची बाजू पुन्हा ओलसर करून घ्यावी लागते. एरवी कोरताना चामडं ताणलं जाऊ नये म्हणून मागे चिकटपट्टी लावतात. उठावात ताण हवाच असतो, म्हणून ती काढून टाकायची.

आधी बैलाची बाह्यरेषा कापून कडा खोल बसवून घेतो. मग तुकडा पालथा करून डाव्या तळहातावर धरतो आणि गोल टोकाच्या हत्यारानं वशिंडाच्या जागी मधून कडेकडे दाबत जातो. डाव्या हाताची बोटं खालून पुढची बाजू चाचपत असतात. डोळ्यांना त्या क्षणी चित्र दिसतच नाही. वशिंड किती वर आलं, मानेकडे त्याचा उतार कसा गेला, हे सगळं बोटांनी ओळखायचं. एका दाबात काही मिळवायला जाऊ नये. दहा हलके दाब जे देतात, ते एक जोराचा दाब फाडून टाकतो.

आकार आला तरी काम झालेलं नसतं. मागे आता खळगा आहे. चामड्याचा बारीक भुसा चिकटवायच्या सोल्युशनमध्ये कालवून त्याचा लगदा या खळग्यात दाबून भरायचा. लगदा मऊ असतानाच तुकडा सुलटा करून नाकपुडी, डोळ्याची खोबण, मानेखालच्या पोळीच्या घड्या पुढून घडवायच्या. उठाव मोठा असेल तर जाड चामड्याचा, कडा रापीनं तासलेला ठोकळाच आकृतीमागे चिकटवतात आणि ओलं चामडं त्यावर बसवतात. केसांच्या रेघा सगळ्यात शेवटी. मग मागे पातळ अस्तर.

हा भराव आजचा नाही. ब्रिटिश लायब्ररीत आठव्या शतकातलं सेंट कथबर्टचं शुभवर्तमान आहे. युरोपात मूळ बांधणीसह शाबूत राहिलेलं ते सर्वांत जुनं पुस्तक. 2012 मध्ये लायब्ररीनं ते 90 लाख पौंडांना घेतलं. त्याच्या लाल चामड्याच्या वेष्टनावर उठावाची वेल आहे. तपासणीत त्या वेलीखाली चिकणमातीसारख्या पदार्थाचा भराव असल्याचं दिसून आलं. हे पुस्तक संताच्या शवपेटीत होतं आणि 1104 मध्ये डरहॅमला बाहेर काढलं गेलं. वेल अजून उभी आहे, कारण ती पोकळ नाही.

उठाव करता यायला लागला की सगळंच वर काढावंसं वाटतं. तो मोह आवरावा. वशिंड वर आलं पाहिजे, खांदा थोडा, पोट त्याहून कमी आणि मागचे पाय सपाटीतच राहिले पाहिजेत. सगळं सारखंच उचललं तर बैल सुजलेला दिसतो. आणि कडा बसवण्याचा हात कच्चा असेल, तर कितीही भराव घाला, चित्र उभं राहत नाही.

बाजारात उठावाच्या बऱ्याच वस्तू मागून पोकळ असतात. भरावाला आणखी वेळ लागतो आणि अस्तराआड तो कुणाला दिसत नाही. पण पिशवी खांद्याला रोज घासते, पावसाळ्यात चामडं पुन्हा ओल धरतं आणि पोकळ आकृती बसत जाते. कारागिराचा प्रामाणिकपणा या कामात मागच्या बाजूला असतो. म्हणून उठावाची वस्तू घेताना नक्षीवर अंगठा जरा दाबून बघा. आत दबली तर घेऊ नका.