ओट्याखालची जागा

लालबागच्या आमच्या चाळीत खोली एकच. तिच्या मागच्या भागाला स्वयंपाकघर म्हणायचे एवढेच. ओट्याखाली सिलिंडर, पलीकडे मोरी आणि उरलेल्या जागेत रात्री माझे अंथरूण. निजण्यापूर्वी आई वाकून रेग्युलेटर बंद करी, एकदा वास घेई आणि मगच दिवा मालवी. त्या वाकण्याचा अर्थ मला पुढे शाळेत विज्ञान शिकताना उमगला. सिलिंडरमधला वायू म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. तो हवेपेक्षा जड. गळती झालीच तर तो जमिनीलगत साचणार, म्हणजे नेमका माझ्या उशाशी.

म्हणूनच चाळीत पाइपचा गॅस येणार असे ठरले, तेव्हा मी हिरिरीने त्याची बाजू घेतली. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, त्यामुळे वर जातो आणि उघड्या खिडकीतून निघून जाण्याची शक्यता अधिक. गळती कोणतीही वाईटच, पण जमिनीवर निजणाऱ्यांच्या घरात हा फरक लहान नव्हे. शिवाय नंबर लावणे नाही, जिन्यावरून ओझे चढवणे नाही.

आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अरे, सिलिंडर उचलून नेता येतो. पाइप भिंतीचा. आणि ही भिंत उद्या कुणाची?"

चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी तेव्हा वर्षानुवर्षे चालू होती. तिच्या प्रश्नाला माझ्या विज्ञानात उत्तर नव्हते. तशी पाइपच्या गॅसची या भागाला ओळख जुनी. आमच्या घराजवळच्या गॅस कंपनी लेनच्या नावात ती अजून शिल्लक आहे. कोळशापासून गॅस तयार करून तो नळांनी शहरात पोचवणारी बॉम्बे गॅस कंपनी एकोणिसाव्या शतकातली. रस्त्यावरचे दिवे त्या गॅसवर जळत. पुढे दिवे गेले, कंपनीचा गॅसही गेला. महानगर गॅसची स्थापना १९९५ची. नळ पुन्हा आले, वायू मात्र वेगळा.

आईचा सिलिंडर वडिलांच्या नावावर होता. गिरणीत असताना त्यांनी नंबर लावला आणि तो लागेपर्यंत वर्षे गेली. १९८२च्या संपात सिलिंडर भरून आणण्याइतके पैसे नसत, तेव्हा घरात पुन्हा रॉकेलचा स्टोव्ह पेटला. रिकामा सिलिंडर मात्र कोपऱ्यात जपून ठेवलेला. वडील गेल्यावरही गॅसचे पुस्तक त्यांच्याच नावाचे राहिले. ते परत करायचे म्हणजे त्यांचे नाव घरातून उतरवायचे, हे तिने बोलून दाखवले नाही. मला ते फार उशिरा कळले.

शेवटी तिनेच होकार दिला. कारण विचारले तर म्हणाली, "वाकवत नाही आता."

सिलिंडर परत गेला. वडिलांनी भरलेली अनामत तेवढीच्या तेवढी हातात आली. फिटरने शेगडीचे जेट बदलले. नैसर्गिक वायूत तेवढ्याच आकारमानाला उष्णता कमी, म्हणून छिद्र मोठे लागते. त्या रात्री आईने वांगे भाजले. चव बदलली का, असे मी विचारले. "वांग्याला काय कळतंय," ती म्हणाली.

गॅसचा कॉक आता भिंतीवर, तिच्या हाताच्या उंचीवर आहे. रात्री तो बंद करून ती क्षणभर थांबते, वास घेते. ओट्याखालची जागा अजून रिकामीच आहे. तिथे काहीही ठेवू देत नाही.