टॉवर हवाच!

परवा सुट्टीच्या दिवशी एक उद्योग केला. आईच्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी लावली आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर तेच स्टेशन. मोबाइल चांगला अर्धा मिनिट मागे! आई म्हणाली, "तुझा रेडिओ शिळा आहे रे."

शिळा का, ते सोपं आहे. सर्व्हर आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे पाडतो आणि फोन त्यातले दोन-तीन साठवल्यावरच वाजवायला लागतो. पण खरी गंमत पुढेच आहे. टॉवरला ऐकणारा एक असो वा एक लाख, वीज तेवढीच लागते. इंटरनेटवर मात्र प्रत्येकाला वेगळी कॉपी द्यावी लागते. ६४ केबीपीएसचा स्ट्रीम धरला तर लाख श्रोत्यांना ६.४ जीबीपीएस! शिवाय टॉवरला तुम्ही कोण ते माहीत नसतं, सर्व्हरला असतं.

आता इंटरनेटला नावं ठेवतोय असं समजू नका. जर्मनीत बसलेल्या मित्राला पुणे केंद्र ऐकायला मिळतं, हे मीडियम वेव्हच्या बापाला जमलं नसतं.

पण 'डिजिटल' म्हणजे 'इंटरनेट' नव्हे, हे आपण विसरतो. नॉर्वेने २०१७ मध्ये देशभरातली मोठी एफएम चॅनल्स बंद केली, ती डॅबसाठी. म्हणजे सिग्नल डिजिटल, पण प्रक्षेपण टॉवरवरूनच. आपल्या आकाशवाणीनेही मीडियम वेव्हसाठी डीआरएमचे ट्रान्समीटर बसवले. काही गाड्यांत तो रिसीव्हर येतो, पण घरात ठेवायचा स्वस्त डीआरएम रेडिओ कोपऱ्यावरच्या दुकानात मागून बघा! आणि डिजिटलची एक खोडही आहे. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की खरखर वाढते, तरी शब्द कळतात. डिजिटल छान, छान, छान... आणि एकदम चिडीचूप.

हे सगळं एरवी चालतं हो. पण २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस, वीज गेलेली, मोबाइल कोलमडलेले. त्या रात्री सेलवरच्या एफएमने लोकांना धीर दिला. अशा वेळी सगळे एकदम ऐकायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच स्ट्रीमिंगचं ओझं वाढतं. टॉवरला फरकच पडत नाही.

म्हणून अ‍ॅप जरूर वापरा, पण टॉवर पाडायची घाई नको. आणि घरात दोन सेल जास्तीचे ठेवा.