चाकांवरचे घर आणि कुकडीचा काठ

पुणे-नाशिक महामार्गाने जाताना नारायणगाव मागे पडले, की जुन्नर तालुक्याचे दुसरे रूप दिसू लागते. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट यांचा डोंगराळ पट्टा पश्चिमेला राहतो आणि पूर्वेकडे ऊस, कांदा, टोमॅटो यांची बागायती शेती पसरत जाते. या पूर्व भागात, कुकडी नदीच्या काठावर बोरी बुद्रुक हे गाव वसले आहे. सह्याद्रीत, कुकडेश्वराच्या परिसरात उगम पावणारी ही नदी माणिकडोह आणि येडगावच्या धरणांतून वाट काढत येथे पोहोचते, पुढे निघोजला कातळात रांजणखळगे कोरते आणि घोड नदीला जाऊन मिळते.

बोरीचे नाव जगभरातील भूशास्त्रज्ञांना आणि पुरातत्त्व अभ्यासकांना ठाऊक आहे. येथील नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात या स्थळाकडे जगाचे लक्ष वेधले. राखेच्या वयाविषयी मतभेद झाले. सुमारे ७५ हजार वर्षांपासून १४ लाख वर्षांपर्यंतची अनुमाने मांडली गेली. ही राख तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असावी, असे मानले जाते. समुद्र ओलांडून आलेली राख आणि तिच्या आसपास हातकुऱ्हाड घडवणारा माणूस, ही कल्पनाच मनाला थक्क करते.

अशा ठिकाणी घाईने जाऊन परतण्यापेक्षा दोन रात्री राहावे, असे कोणालाही वाटेल. राज्य शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर झाले. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतेची सोय असलेली गाडी आणि ती उभी करण्यासाठी सुसज्ज तळ, अशी ही जोडकल्पना आहे. हॉटेलची खोली शोधण्याचा त्रास नाही, वृद्धांना जिने चढायला नकोत, पथ्याचे जेवण स्वतः रांधता येते, हे त्याचे आकर्षण. डिसेंबरच्या सुटीत आम्ही दोघे, नऊ आणि तेरा वर्षांची मुले आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई अशा पाच जणांनी भाड्याची कॅराव्हॅन घेऊन या परिसरातील एका खासगी तळावर दोन रात्रींचा मुक्काम ठरवला तो याच आकर्षणापोटी.

तळ नावाचे मोकळे रान

तळ म्हणून जे समोर आले, ते उसाच्या फडाला लागून असलेले मुरूम टाकलेले उताराचे रान होते. गाडी कोठेही लावली तरी एका बाजूला कलत होती. झोपल्यावर डोके खाली आणि पाय वर होत, म्हणून चाकांखाली दगड आणि फळ्या घालून ती कशीबशी सपाट केली. विजेसाठी एका खांबावर एकच जोड होता आणि दाब इतका कमी, की गाडीतील शीतकपाट सुरू होऊन लगेच बंद पडे. पाणी काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतून येत होते. टाकीला झाकण नव्हते आणि पाणी कोठून भरले आहे, हे राखणदाराला सांगता आले नाही.

कॅराव्हॅनमध्ये पाण्याच्या तीन वाटा असतात. स्वच्छ पाण्याची टाकी, धुण्या-भांड्याच्या सांडपाण्याची टाकी आणि शौचालयाची बंद पेटी. आमच्या गाडीची स्वच्छ पाण्याची टाकी शंभर लिटरची होती. एका बादलीभर अंघोळीला पंधरा-वीस लिटर पाणी लागते, म्हणजे पाच जणांच्या अंघोळीतच ती रिकामी होणार. शौचालयाची पेटी तर तळावर रिकामी करण्याची सोय असेल तरच वापरता येते. येथे तशी जागा नव्हती. 'तिकडे ओढ्यात ओतून टाका,' असे आम्हाला सांगण्यात आले. तो ओढा कुकडीला मिळतो आणि पुढच्या गावांतले लोक त्या नदीवर अवलंबून आहेत. आम्ही पेटीला कुलूप लावले आणि गाडीतील शौचालय दोन दिवस बंद राहिले.

उरले ते तळाचे सामाईक शौचालय. गाडीपासून शंभर-सव्वाशे पावलांवर, फडाच्या अगदी कडेला. आत दिवा नव्हता आणि दाराची कडी तुटलेली होती. राखणदाराने संध्याकाळीच बजावले होते, 'रात्री एकट्यानं बाहेर निघू नका. उसात बिबट्या असतो.' त्याचे म्हणणे अतिशयोक्तीचे नव्हते. जुन्नर परिसरात उसाच्या दाट आडोशाने बिबट्याला घर मिळवून दिले आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते याच कारणाने. खाली बसलेला माणूस किंवा लहान मूल बिबट्याला भक्ष्यासारखे वाटू शकते, म्हणून अंधारात उघड्यावर किंवा उसालगत एकट्याने जाऊ नये, हा इशारा या भागात वारंवार दिला जातो. इशारा देणाऱ्यानेच शौचालय मात्र फडाला टेकवून बांधले होते.

रात्री थंडी पडली. मुले कुडकुडताना पाहून राखणदाराने मायेने निखाऱ्यांनी फुललेली शेगडी आणली आणि ती गाडीत ठेवा म्हणाला. यजमानांनी ती दाराबाहेरच ठेवायला लावली. बंद जागेत कोळसा जळला, की कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपेत असलेल्या माणसाला जाग येण्याआधीच तो बेशुद्ध करतो. तंबू असो, गाडी असो वा खोली, आत शेगडी ठेवून झोपणे जीवघेणे ठरते. आम्ही सर्वांनी स्वेटर-मोजे घातले, दोन-दोन पांघरुणे घेतली आणि खिडकीची फट उघडी ठेवून झोपलो.

न प्यायलेले पाणी

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी गेलो. पात्रातले पाणी संथ होते, काठावर बगळे उभे होते. गाळाचे थर पाहत असताना मुलाने विचारले, 'एवढी राख पडली तेव्हा इथल्या माणसांनी काय केलं असेल?' उत्तर द्यायला आजी पुढे सरसावल्या आणि खडकावरून उठता उठता त्यांचा तोल गेला. यजमानांनी त्यांना सावरले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती, जीभ कोरडी पडली होती. त्यांची पाण्याची बाटली पिशवीतून काढली, ती आदल्या दिवशी भरली तशीच होती.

काही वेळाने, सुनेला ऐकू जाईल इतक्याच आवाजात त्या म्हणाल्या, 'अगं, पाणी प्यायलं की जावं लागतं. रात्री तिकडं उसात कोण जाणार? तुम्हाला उठवायचं तरी किती वेळा?' आदल्या दुपारपासून त्यांनी चहा नाकारला होता, रात्री ताकही घेतले नव्हते. रक्तदाबाची गोळी मात्र न चुकता घेतली होती. शरीरातील पाणी लघवीवाटे बाहेर टाकणारे औषध त्या गोळीत होते.

वाटेवरच्या वस्तीतील एका शेतकरी बाईंनी आम्हाला पाहिले आणि काही न विचारता सासूबाईंचा हात धरून घरात नेले. 'आजी, आत या. संडास घरातच हाये, लाजू नका. आधी पाणी घ्या, मग बोलू.' गूळ-पाणी झाले, मऊ भात आणि पातळ आमटी झाली. जवळच्या गावातील डॉक्टरांनी सासूबाईंचा रक्तदाब आधी बसवून आणि मग उभे करून मोजला. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो, हे त्यांनी समजावून सांगितले. सासूबाईंचा आकडा त्याहून अधिक उतरला होता. थोडेथोडे पाणी आणि जलसंजीवनी घेत राहणे, सावकाश उठणे आणि गोळीविषयी त्याच दिवशी नेहमीच्या डॉक्टरांशी बोलणे, एवढा त्यांचा सल्ला. संध्याकाळपर्यंत सासूबाईंना हुशारी वाटू लागली. या वयात एक पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे यांत फारसे अंतर नसते. ते अंतर त्या दिवशी राखले गेले.

दुसरी रात्र आम्ही त्या बाईंच्या अंगणात गाडी लावून काढली. त्यांनी मासवडी रांधली होती. मुलांना सहलीतले सर्वांत आवडलेले जेवण तेच.

दुसरा तांडा

त्या अंगणातून पलीकडच्या पडीक रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या दिसत होत्या. पाचटाने शाकारलेल्या, माणूस वाकून आत जाईल एवढ्या. दिवाळीच्या सुमारास घर सोडून ही कुटुंबे बैलगाड्या आणि ट्रॅक्टरवर संसार लादून येतात आणि हंगाम संपेपर्यंत, चार-पाच महिने, अशीच राहतात. पहाटे अंधारात बायका घागरी घेऊन पाण्याला निघत होत्या. आडोसा म्हणजे ऊसच, आणि त्या उसाचीच त्या तोडणी करत होत्या. आडोसा दररोज थोडा थोडा मागे सरकत होता.

आमच्या यजमानीणबाई म्हणाल्या, 'त्या बायाबी दिवसभर पाणी पीत न्हाईत. इचारा कुनालाबी.' सासूबाई हे ऐकून बराच वेळ त्या कोप्यांकडे पाहत राहिल्या. आमच्याकडे परतीचा रस्ता होता आणि शहरात फोनवर भेटणारा डॉक्टर होता. कमी पाणी पिणे, लघवी रोखून धरणे, त्यातून वारंवार होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि अंगावर काढलेले दुखणे हे त्या स्त्रियांच्या वाट्याला दर हंगामात येते. शौचालयाचा प्रश्न आपण स्वच्छतेच्या सदरात टाकतो. तो आधी पाण्याचा आणि म्हणून आरोग्याचा प्रश्न असतो.

निघण्यापूर्वी काय विचारावे

कॅराव्हॅनची कल्पना चांगली आहे आणि जुन्नरसारख्या तालुक्यात तिला वाव आहे. मात्र तळाची जाहिरात पाहताना नदीचे छायाचित्र आणि शेकोटीची जागा बाजूला ठेवून पुढील गोष्टी फोनवर स्पष्ट विचाराव्यात. शौचालय गाडीपासून किती पावलांवर आहे, रात्री तेथे दिवा असतो का, आत पाणी आणि आतून कडी आहे का? शौचालयाची पेटी आणि सांडपाणी कोठे रिकामे करायचे? पिण्याचे पाणी कोणत्या स्रोताचे आहे? जमीन सपाट आहे का? रात्री तळावर माणूस असतो का? जवळचे आरोग्य केंद्र कोणते आणि तेथवर वाहन रात्री जाऊ शकते का? पाळीच्या दिवसांत असलेल्या मुलीला वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, हेही संकोच न करता विचारावे. 'या तर खरं, सगळी सोय होईल' हे उत्तर पुरेसे समजू नये.

पाण्याच्या शुद्धतेची शंका असेल, तर ते खळखळून उकळू द्यावे आणि त्यानंतर एक मिनिटभर तसेच उकळत ठेवून, झाकून गार करून प्यावे. जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत आणि वेष्टनावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ती विरघळवावीत. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंड वा हृदयाचा विकार असलेल्यांनी प्रवासात औषधे कशी घ्यावीत, पाणी किती प्यावे आणि जलसंजीवनी चालेल का, हे डॉक्टरांना आधी विचारून लिहून घ्यावे. गोळी मनाने बंद करू नये. वृद्धांसाठी रात्री गाडीतच वापरता येईल असे भांडे किंवा सुटे शौचपात्र न्यावे. त्यात कमीपणा नाही. ज्येष्ठांची पाण्याची बाटली दिवसातून दोनदा उचलून पाहावी. माणूस 'मला तहान नाही' म्हणेल, बाटली खरे सांगते. लघवीचा रंग गडद पिवळा झाला असेल, तोंड कोरडे पडत असेल किंवा उठताना अंधारी येत असेल, तर फिरणे थांबवून आधी पाणी आणि विश्रांती द्यावी. गुंगी, गोंधळलेपणा किंवा भोवळ दिसल्यास थेट डॉक्टरांकडे न्यावे.

तळ चालवणाऱ्या शेतकरी-उद्योजकांसाठीही यात काही आहे. फार मोठ्या खर्चाची गरज नाही. सौरदिवा, घट्ट झाकणाची टाकी, आतून लागणारी कडी, उसापासून दूर बांधलेले शौचालय आणि मैल्यासाठी शोषखड्ड्याची रीतसर व्यवस्था, एवढ्या गोष्टींनी रान हे तळ होते. आपल्या तळावर उतरलेली म्हातारी माणसे संध्याकाळी दुसरा पेला पाणी निर्धास्त पितात का, ही त्याची साधी परीक्षा. कोप्यांमधल्या बायकांसाठीही हीच परीक्षा लावली, तर पर्यटन तालुका हा शब्द पाहुण्यांइतकाच तालुक्यात राबणाऱ्यांचाही होईल.