ठमीचा हट्ट

दुसऱ्याने टाकून दिलेलं कुत्रं आपल्या घरी रुळलं हे कशावरून ओळखायचं, याबद्दल माणसांच्या कल्पना फार भाबड्या असतात. शेपूट हलवतं, पायाशी बसतं, हाक मारली की येतं, पुढ्यात ठेवलेलं मुकाट्याने खातं. झालं, रुळलं! ठमी आमच्याकडे आली तेव्हा हे सगळं ती पहिल्याच आठवड्यात करत होती. समोरच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "किती शहाणी आहे हो, आवाज म्हणून नाही." आवाज नव्हता हे खरंच. पण डॅशाउंड जातीचं कुत्रं दारावरची बेल वाजल्यावरही भुंकत नसेल, तर त्याचं काहीतरी बिनसलंय असं खुशाल समजावं.

ठमी पिल्लं काढण्यासाठी ठेवलेली मादी होती. हे कुणी सांगावं लागलं नाही. लोंबणारे सड, जाळीच्या पिंजऱ्यात उभं राहून फाकलेले पंजे, वाकडी वाढलेली नखं, सगळं दिसतच होतं. वय झालं, पिल्लं होईनाशी झाली, तेव्हा मालकाने तिला शहराबाहेर रस्त्याकडेला सोडलं. काही स्वयंसेवकांनी तिला उचललं, दवाखाना केला, गर्भपिशवी काढून घेतली आणि महिनाभर एका घरी फोस्टरला ठेवलं. आपल्याकडे कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल 2017चे नियम आहेत. अठरा महिन्यांच्या आतल्या आणि आठ वर्षांपुढच्या मादीला पिल्लं होऊ द्यायची नाहीत, जन्मभरात पाचाहून जास्त वेतं नकोत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. नियम चांगले आहेत. त्यांच्या मागे उभा आहे तो प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा 1960चा कायदा. त्यानुसार जनावर उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे आणि पहिल्या खेपेला त्याचा दंड आहे 10 ते 50 रुपये. पार्किंग चुकलं तर आपण याहून जास्त भरतो.

अशा ठिकाणाहून आलेली मादी शहाणी वागणारच. तिला ठाऊक असलेल्या जगात हलल्याने, ओरडल्याने, मागितल्याने काहीच चांगलं घडलेलं नसतं. ठमी दिवसभर स्वयंपाकघराच्या दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येणार नाही अशा बेताने, अंग चोरून पडून राही. ताट भरलेलं असलं तरी आम्ही खोलीबाहेर गेल्याशिवाय तोंड लावत नसे. उचलून घेतलं की लाकडासारखी ताठ होई. पाहुण्यांना ती फार आवडे.

आता या जातीचा मूळ स्वभाव बघा. जर्मनीतल्या वनरक्षकांनी आणि शिकाऱ्यांनी हे कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलं ते बिळात शिरण्यासाठी. बॅजर नावाचा नख्या-दातांनी भारी असलेला प्राणी जमिनीखाली राहतो, त्याला बिळात गाठायचं हे याचं काम. 1888 साली बर्लिनमध्ये या जातीसाठी क्लब निघाला तोवर ते त्या कामात मुरलेलं होतं. मेंढ्या वळणारं कुत्रं धन्याच्या शिट्टीवर चालतं. पण बिळाच्या अंधारात धन्याची शिट्टी पोचत नाही. पुढे जायचं की मागे, झोंबायचं की थांबायचं, हे तिथे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. म्हणजे ज्याला आपण हट्टीपणा म्हणतो तो या कुत्र्याच्या पोटापाण्याचा धंदा होता. शिवाय त्याचा आवाज मोठ्या कुत्र्याचा आहे, कारण वर उभ्या शिकाऱ्याला मातीखालून तो ऐकू जायला हवा. हट्ट आणि आवाज ही दोन्ही हत्यारं म्यान करून ठमी आमच्या दाराशी बसली होती.

पहिलं लक्षण गोधडीत दिसलं. आई तशी कुत्र्या-मांजरांपासून चार हात लांब राहणारी; पण दुपारी ती आडवी झाली की ठमी नाकाने गोधडीची कड उचलून आत घुसायला लागली, थेट पायथ्यापर्यंत. आधी आई दचकायची. मग "ठमे, सरक तिकडे, थंडगार नाक आहे तुझं" असं म्हणायला लागली. ठमी सरकत नसे. आईच सरके. बिळाचं वेड होतं ते. मातीचं न मिळालं तर सुती चालतं.

मग पावसाळा आला. डॅशाउंडचं पोट जमिनीला जेमतेम चार बोटं वर, त्यामुळे डबक्याचं पाणी त्याच्या पायाला नाही, थेट पोटाला लागतं. एका सकाळी लिफ्टचं दार उघडलं, बाहेर धो धो कोसळत होता आणि ठमीने चारही पाय रोवले. मी पट्ट्याला हलकेच ओढ दिली. ती खाली बसली. मी बिस्किट दाखवलं. तिने मान फिरवली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच 'नाही' म्हणत होती, आणि तेही माझ्याकडे न बघता, एखाद्या जुन्या कारकुनाच्या थाटात. वॉचमनकाका म्हणाले, "मॅडम, ही काय आज जात नाही." मला तिथल्या तिथे पेढे वाटावेसे वाटले.

सासरी शहाणी म्हणून वाखाणलेली मुलगी माहेरी हट्ट करते, तसंच हे. जिथे नाही म्हटल्यावरही जेवायला मिळतं, तिथेच नाही म्हणता येतं. त्यानंतर ठमीने वेळ दवडला नाही. कुरिअरवाल्यावर भुंकून झालं, कुकरच्या शिट्टीवर भुंकून झालं. कुंडीतली तुळस तिने मुळासकट उकरली. सोफ्याची खिडकीकडची बाजू आपली, असं जाहीर केलं. काकू म्हणाल्या, "आधी बरी होती हो." मी हसले. काकूंचं म्हणणं शेजारधर्माला धरून होतं. भिंत एकच आहे.

स्वतःचं घर स्वतः निवडून तिथे हक्काने राहिलेला सगळ्यात प्रसिद्ध डॅशाउंड म्हणजे पिकासोचा लम्प. खरं तर तो छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांचा. रोमच्या घरी डंकन यांच्या मोठ्या अफगाण हाउंडपुढे त्याचं काही चालेना. 1957च्या एप्रिलमध्ये डंकन त्याला गाडीत घालून कानला पिकासोच्या घरी गेले. लम्पने घर हुंगलं, फिरून बघितलं आणि इथेच राहायचं ठरवलं. डंकन परत गेले, लम्प राहिला, सुमारे सहा वर्षं. त्याच वर्षी पिकासोने व्हेलाझ्केझच्या 'लास मेनिनास' या जुन्या चित्रावर 58 चित्रांची मालिका केली. मूळ चित्रात कोपऱ्यात एक थोराड, राजेशाही कुत्रा पहुडलेला आहे. पिकासोच्या कित्येक चित्रांत त्या जागी हा आखूड पायांचा लम्प येऊन बसला. बार्सिलोनाच्या पिकासो संग्रहालयात तो अजून तिथे आहे. खिडकीकडची बाजू बळकावणं ते हेच.

लम्पच्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र डॅशाउंड पाळणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. त्याची पाठ गेली, मागचे पाय लुळे पडले. डंकन त्याला उपचारांसाठी श्टुटगार्टला घेऊन गेले. तिथे तो पुन्हा चालायला लागला, झोकांड्या खात का होईना, आणि पुढे बरीच वर्षं जगला. मार्च 1973मध्ये तो गेला. त्यानंतर काही दिवसांतच, 8 एप्रिलला, पिकासो. पाठीचं हे दुखणं योगायोगाचं नाही. या कुत्र्यांचे पाय एका जनुकाच्या जादा प्रतीमुळे आखूड राहतात, हे 2009मध्ये शास्त्रज्ञांच्या हाती लागलं. तशाच आणखी एका प्रतीमुळे मणक्यांमधल्या गाद्या कोवळ्या वयातच कडक होतात, हे 2017मध्ये कळलं. साधारण पाचातल्या एका डॅशाउंडला आयुष्यात कधीतरी गादी सरकण्याचा त्रास होतोच. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून कित्येक जण कुत्रंच सोडून देतात. आम्ही सोफ्याला लाकडी उतरण करून घेतली, जिन्याला फळी लावली. उचलायचं तर दोन्ही हातांनी, एक छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली, हे घरातल्या पोरांनाही शिकवलं. वजनाचं भांडण अजून चालू आहे, कारण आई गुपचूप भाकरीचा तुकडा देते आणि विचारलं तर दोघीही माझ्याकडे निरागसपणे बघतात.

"तुम्ही मोठं पुण्य केलंत, ती किती उपकार मानत असेल," असं लोक मला म्हणतात. ठमी उपकार मानत नाही. तिच्या दृष्टीने मी जेवणाला सात मिनिटं उशीर करणारी बाई आहे. तिने कृतज्ञ राहावं असं मला कधी वाटलंही नाही. ज्या काळात ती कृतज्ञ दिसत होती त्या काळात ती झोपेत कण्हायची. आता घोरते.

कुत्री दत्तक देणारी मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात. तीन दिवस भेदरलेले, तीन आठवडे घराची रीत समजून घेण्याचे, आणि तीन महिन्यांनी खरं कुत्रं दिसायला लागतं. ठोकताळाच तो, वेदवाक्य नव्हे. ठमीने त्याहून जास्त वेळ घेतला. पण याच मंडळींनी सांगितलेली एक गोष्ट मला जास्त बोचली. दत्तक दिलेली कुत्री बरेचदा परत येतात ती पहिल्या आठवड्यात नव्हे, तर दीड-दोन महिन्यांनी. "आधी शांत होती, आता फार भुंकते, ऐकत नाही, कुंड्या उकरते." म्हणजे जीव कुठे मोकळा होतो, आणि नेमका तेव्हाच तो घराबाहेर काढला जातो.

तेव्हा डॅशाउंड घ्यायचाच असेल तर पिल्लाच्या मागे न लागता टाकून दिलेलं, वय झालेलं एखादं बघा. उतरण आधी करून घ्या, शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, तुळस उंचावर ठेवा. पहिल्या दिवसांतल्या शहाणपणाचं कौतुक करू नका. आणि दोन महिन्यांनी ती बेल वाजल्यावर घर डोक्यावर घ्यायला लागली, तर ज्यांनी ती दिली त्यांना जरूर फोन करा. परत न्या म्हणायला नाही, तर ती भुंकली हे सांगायला. त्या लोकांना असे फोन फार कमी येतात.