दिवस भरले

माझी जन्मतारीख एक जून. यात विशेष काही नाही. आमच्या वर्गातली निम्मी पोरे एक जूनलाच जन्मली होती. त्या दिवशी गावात काही चमत्कार झाला होता असे नव्हे. नाव घालताना गुरुजींना ती तारीख सोयीची पडायची. आई म्हणते, "तू झालास तेव्हा धो धो पाऊस होता आणि दारातली म्हैस वाहून जाता जाता वाचली." म्हशीचे सगळ्यांना आठवते. तारीख कोणालाच आठवत नाही.

हे सगळे आठवायला निमित्त झाले आमचे साडू. ते अमेरिकेत कॅन्सस सिटीला असतात. दर खेपेला चॉकलेटे आणि मला दोन माप मोठा शर्ट आणतात. गेल्या दिवाळीत मात्र एक जाडजूड पुस्तक हातात ठेवून म्हणाले, "साडूभाऊ, हा सॅचेल पेज. आमच्या गावचा बेसबॉलचा पिचर. तुमचं आणि याचं जमेल."

बेसबॉल म्हणजे माझ्या लेखी क्रिकेट आणि विटीदांडू यांची तडजोड. पिचर हा त्यातला बोलर. तो मातीच्या उंचवट्यावर उभा राहून ६० फूट ६ इंचांवरून बॉल टाकतो. टप्पा पाडायचा नाही आणि कोपर खुशाल वाकवायचे. आमच्या गल्लीत असा बॉल टाकणाऱ्याला 'फेक्या' म्हणून घरी पाठवत. तिकडे त्याला पगार देतात. तीन चांगले बॉल हुकले की फलंदाज घरी, आणि चार बॉल भलतीकडे पडले की तो न खेळता पहिल्या बेसवर. म्हणजे आमच्या कॅश काउंटरसारखेच. सगळे दिवसभर अचूक टाकले तरी लोकांच्या लक्षात राहतो तो चुकलेला.

पहिल्या प्रकरणातच मी त्या माणसावर लुब्ध झालो. अलाबामातल्या मोबिल गावी त्याचा जन्म. सरकारी दप्तरात तारीख ७ जुलै १९०६. पण वय विचारले की हा सांगायचा, "तारीख घरच्या बायबलमध्ये लिहिली होती, पण ते बायबल बोकडाने खाल्लं." माझी तारीख गुरुजींनी दिली, त्याची बोकडाने खाल्ली. दप्तराच्या दृष्टीने दोघांचे काम सारखेच.

खरे नाव लिरॉय. पोरवयात स्टेशनावर प्रवाशांच्या पिशव्या उचलायचा. एकेक काय उचलायची, म्हणून काठीला दोऱ्या बांधून एका खेपेत बऱ्याच न्यायला लागला आणि 'सॅचेल', म्हणजे पिशवी, हे नाव चिकटले, असे तोच सांगायचा. बाराव्या वर्षी किरकोळ चोरीपायी त्याला सुधारगृहात टाकले. तिथे पाच वर्षे काढली आणि बॉल टाकायला शिकला. १९२६ साली चॅटनूगाच्या संघात पगारी पिचर झाला.

पण हा संघ काळ्यांचा. मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूला मज्जाव होता. तसा लेखी नियम कुठेच नव्हता. बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला मी हे समजावून सांगायला नको. लेखी नियमातून पळवाट निघते, अलिखितातून निघत नाही. म्हणून काळ्यांच्या लीग वेगळ्या. हा गडी पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सकडे खेळला, कॅन्सस सिटी मोनार्क्सकडे खेळला. उन्हाळा नाही, हिवाळा नाही, बसमधून गावोगाव. हॉटेलवाले खोली देत नसत, तेव्हा रात्र बसमध्येच. १९३७ साली तो डोमिनिकन रिपब्लिकमध्ये त्रुहियो नावाच्या हुकूमशहाच्या संघाकडून खेळला. भोवती बंदूकधारी शिपाई. संघ जिंकला. आमच्याकडे ऑडिटच्या आठवड्यात साधारण असेच वातावरण असते आणि ताळेबंदही जुळतो.

त्याने आपल्या बॉलांना नावे ठेवली होती. एकाचे नाव तर 'मध्यरात्रीचा स्वार'! एक बॉल असा की हात अर्ध्यावर आणून क्षणभर थबकायचे. फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा, आणि मग बॉल यायचा. पुढे मोठ्या लीगच्या अध्यक्षांनी या थबकण्यावर बंदी घातली. कामाची युक्ती सापडली की हेड ऑफिसचे सर्क्युलर येतेच.

१९४७ साली मोठ्या लीगचे दार उघडले ते जॅकी रॉबिन्सनसाठी. रॉबिन्सन अठ्ठावीस वर्षांचा, पेजने वीस वर्षे उन्हातान्हात काढलेली. हे आपल्याला फार लागले, असे पुढे त्यानेच सांगितले. पुढच्या साली क्लीव्हलँडचे मालक बिल व्हीक यांनी त्याला घेतले. करार झाला तो त्याच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी. दोन दिवसांनी, ९ जुलै १९४८ रोजी, हा बेचाळीस वर्षांचा नवशिका मैदानात उतरला. त्या मोसमात सहा सामने जिंकले, एक हरला आणि क्लीव्हलँडने वर्ल्ड सीरिज मारली.

इथे मी पुस्तक मिटून पाणी प्यायलो. कारण माझेही एक बेचाळीस आहे. कायम होण्याआधी मी तीन वर्षे एका बँकेत हंगामी होतो. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायद्याने माणसाला काही हक्क लागू होतात. म्हणून दोनशे पस्तिसाव्या दिवशी मला ब्रेक मिळायचा. साहेब प्रेमाने म्हणायचे, "जरा गावी जाऊन या." मी गावी जायचो. आई विचारायची, "सुट्टी?" मी म्हणायचो, "हो." ती तीन वर्षे माझ्या सर्व्हिस रेकॉर्डात नाहीत. बॉल टाकले होते, स्कोअरबुक नव्हते. पुढे परीक्षा देऊन दुसऱ्या बँकेत कायम झालो. बढतीच्या अर्जाला हात घालायला मात्र बेचाळीस उजाडले, आणि तोही दोनदा परत आला.

पेजचे अजून संपले नव्हते. १९६५ साली कॅन्सस सिटीच्या मालकांनी त्याला पुन्हा बोलावले. वय एकोणसाठ. गंमत म्हणून मैदानाकडेला आरामखुर्ची ठेवली, दिमतीला नर्स दिली. लोक हसले. मग तो खुर्चीतून उठला, तीन डाव बॉल टाकले, एक फटका दिला, धाव एकही नाही.

पण मला गलबलून आले ते त्यानंतरच्या पानावर. १९६८ साली हिशेब केला तेव्हा लक्षात आले की मोठ्या लीगच्या पेन्शनला पेजचे १५८ दिवस कमी पडतात. तेव्हा अटलांटा ब्रेव्हज संघाने बासष्ट वर्षांच्या या माणसाला नोकरीवर घेतले. सामने जिंकायला नव्हे, दिवस भरायला!

आपल्याकडे 'दिवस भरले' असे म्हणतात ते एक तर गरोदर बाईला, नाही तर पापी माणसाला. तिसरा अर्थ कळायला बँकेच्या खिडकीत बसावे लागते. दर नोव्हेंबरला माझ्या खिडकीपुढे म्हातारे हयातीचे दाखले घेऊन उभे राहतात. "मी जिवंत आहे" या मजकुराखाली थरथरत्या हाताने सही करतात. त्यांच्यातल्या प्रत्येकाने कुठे तरी एकेक दिवस मोजलेला असतो. आणि इथे, एका माणसाचे दिवस भरू नयेत म्हणून नव्हे, भरावेत म्हणून कोणी तरी धडपडले होते. मी ते पान दोनदा वाचले. सौ.ने आतून विचारले, "कांदा चिरताय का?"

१९७१ साली त्याला कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचे ठरले. आधी म्हणाले, काळ्यांचा कोपरा वेगळा ठेवू. ओरड झाली तेव्हा सगळ्यांच्या रांगेत बसवले. १९८२ साली तो वारला. आणि डिसेंबर २०२० मध्ये मोठ्या लीगने जाहीर केले की, १९२० ते १९४८ या काळातल्या काळ्यांच्या सात लीगही मोठ्याच लीग धरल्या जातील. म्हणजे बोकडाने खाल्लेले रेकॉर्ड परत मिळाले. आमच्या भाषेत, मागील सेवा ग्राह्य. फक्त कर्मचारी जाऊन अडतीस वर्षे झाली होती.

यंदा मी बढतीचा अर्ज तिसऱ्यांदा भरला. 'पूर्वानुभव' हा रकाना आजवर मी कोरा सोडत असे. या वेळी हंगामी नोकरीचे सगळे दिवस, ब्रेकच्या तारखांसह, लिहून काढले. जागा पुरेना म्हणून पुरवणी जोडली.

मॅनेजरसाहेबांनी चष्मा वर केला. "अहो, हे ग्राह्य धरत नाहीत, माहीत आहे ना?"

"धरतील, साहेब," मी म्हणालो. "घाई नाही."