गांधर्व विवाह, मुक्काम वाशिम

लग्नाला सहा महिने झाले आणि आम्ही पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडला. फ्रिज विकला, वॉशिंग मशीन बहिणीकडे गेलं. लग्नात आलेल्या सात भिंतीवरच्या घड्याळांपैकी सहा वाटून टाकली (सातवं कुणी घेईना). उरलेला संसार दोन सॅक आणि एका ट्रॉली बॅगेत बसवून २०२४च्या दिवाळीला आम्ही वाशिमला, म्हणजे माझ्या घरी येऊन थडकलो. पुढचा बेत असा की दर महिना-दीड महिन्याला एक नवीन गाव. माझं काम लॅपटॉपवर. नेट असेल तिथून कर, असं मॅनेजरने मेलवर लिहून दिलेलं. आधी हिमाचल, मग केरळ, मग बघू.

'आम्ही' हा शब्द मी इथे जरा घाईने वापरतोय. त्याचं पुढे येईलच.

वडिलांनी नेहमीप्रमाणे पेपरमधून डोकं वर काढलं नाही. आईने हिमाचलला डाळ-तांदूळ मिळतात का ते विचारलं. आजी मात्र खवळली. "घर ना दार, अन् पोरीले घेऊन कुठी हिंडतं बे? बंजारे झाले का तुमी?" मी हसण्यावारी नेलं. मग ती म्हणाली, "अन् तिच्या नवकरीचं काय?"

"सोडेल की ती," मी म्हणालो.

बायको तिथेच बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होती. ती काही बोलली नाही. आता सहा महिन्यांच्या संसारात मला एवढं तरी कळायला हवं होतं, की ती शेंगदाणे खायची थांबली म्हणजे काहीतरी बिनसलंय. पण नाही कळलं. कोडमधला बग जसा रिलीजनंतर कळतो, तसं हेही नंतरच कळलं. :-)

ती फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात एका हॉस्पिटलमधे लोकांचे गुडघे आणि खांदे पुन्हा कामाला लावायचे हे तिचं काम. गुडघे लॅपटॉपवर वाकवता येत नाहीत.

तर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमचे मामा फराळाला आले. मामा म्हणजे निवृत्त संस्कृत शिक्षक. वाशिममधल्या दोन पिढ्यांना 'रामः रामौ रामाः' त्यांनी पाठ करून घेतलंय, त्यात मीही आलो. आमचा बेत ऐकून ते आजीसारखे चिडले नाहीत. चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "हिंडणारं जोडपं आणि वाशिम? मग तुमच्या आधी एक होऊन गेलंय." आणि संध्याकाळी एक जुनं, बाइंडिंग सुटलेलं पुस्तक घेऊन परत आले. राजशेखराची 'काव्यमीमांसा', हिंदी अनुवादासकट.

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म, हे आम्हाला शाळेत होतं. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्यांच्यातला हरिषेण राज्य करत होता तेव्हा त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं कोरवून घेतलं. राजा विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली वाशिममधेच सापडला. हे सगळं 'थोडक्यात टीपा लिहा'साठी पाठ केलेलं आणि पेपर झाल्यावर विसरलेलं. एकेकाळी इथे राजधानी होती हे आजच्या पाटणी चौकात उभं राहून कुणाला पटणार नाही, आणि आमचा वेगळा जिल्हा तर १९९८ साली झाला, तोपर्यंत आम्ही अकोल्यात मोडायचो. पण राजशेखराने आमच्या गावात काय घडवून आणलंय, ते मात्र मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

राजशेखर इसवी सन ९००च्या आसपासचा. कनोजच्या दरबारातला कवी, पण पूर्वज महाराष्ट्रातले. त्याच्या कुळाचं नाव यायावर, म्हणजे शब्दशः भटक्या! स्वतःचं मत सांगताना तो 'असं यायावरीय म्हणतो' असं लिहितो. तर या भटक्याने रचलेली गोष्ट अशी:

सरस्वतीला एक मुलगा झाला. नाव काव्यपुरुष. जन्मल्याबरोबर आईच्या पाया पडून तो श्लोकातच बोलला. पुढे एकदा ब्रह्मलोकात कसलासा वाद निघाला, त्याचा निवाडा करायला सरस्वतीला बोलावणं आलं. मुलगा मागे लागला, तर ती म्हणाली, तुला तिथे परवानगी नाही, परत जा. झालं, हे साहेब रुसले आणि घर सोडून तरातरा निघाले. त्याचा दोस्त कार्तिकेय रडायला लागला. तेव्हा गौरीने विचार केला की प्रेमासारखं दुसरं बंधन नाही, आणि एक मुलगी निर्माण केली. साहित्यविद्यावधू. तिला सांगितलं, हा तुझा नवरा रागावून चाललाय, त्याच्या मागे जा आणि त्याला परत आण.

म्हणजे स्थळ बघायला गेलं तर 'मुलगा घरातून निघून गेलेला आहे' ही पहिली अट! असो.

तो पुढे, ती मागे. आधी पूर्वेला, अंग-वंगात. तिथे तिने एका तऱ्हेचा वेश केला, नाच केला. तो काही वळला नाही. रागातच होता, त्यामुळे तो जे बोलला ते लांबच लांब समासांचं आणि अनुप्रासांनी गच्च भरलेलं. ती झाली गौडी रीती. मग पांचाल देश. तिने वेगळा वेश केला. तो थोडा वरमला, समास थोडे कमी झाले. ही पांचाली रीती. मग अवंती, तिथे आणखी वेगळा वेश. मग ती दोघं दक्षिणेकडे आली, आणि तिथे गडी पूर्ण विरघळला. समास संपले, भाषा सुटी-सोपी झाली. ही वैदर्भी रीती. आणि मग विदर्भात वत्सगुल्म नावाच्या नगरात, जे राजशेखराच्या म्हणण्याप्रमाणे कामदेवाचं क्रीडास्थान आहे, तिथे त्या दोघांनी गांधर्व विवाह केला.

कामदेवाचं क्रीडास्थान. वाशिम. मी दोनदा वाचलं. आमचं लग्न इथेच मे महिन्यात, कूलरसमोर जागा धरण्यावरून पाहुण्यांची भांडणं चालू असताना झालं होतं. कामदेव त्या वेळी सुट्टीवर असावा.

पण लग्न लागून गोष्ट संपत नाही. नवरा-नवरी परत फिरतात आणि वाटेत त्या सगळ्या प्रदेशांत विहार करत हिमालयात पोचतात, जिथे गौरी आणि सरस्वती त्यांची वाट बघत असतात. मी खूश! मामांना म्हणालो, बघा, हजार वर्षांपूर्वीसुद्धा नवं जोडपं वाशिमहून हिमाचललाच गेलं होतं. शास्त्राचा आधार मिळाला आणखी काय पाहिजे.

बायकोने पुस्तक हातात घेतलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "प्रत्येक गावात कपडे हीच बदलते."

मामा म्हणाले, "हो, पण त्या त्या देशातल्या बायका पुढे तिच्यासारखा वेश करू लागल्या, असं लिहिलंय. आणि तो बोलणं बदलतोच की."

"बोलायला काय लागतं," ती म्हणाली, आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी पोहरादेवीला जायचं ठरलं होतं. हा आजीचा हट्ट. नवं जोडपं म्हणून सगळीकडे पाया पडून झालं होतं, तेवढंच राहिलं होतं. मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, रामनवमीला मोठी यात्रा भरते. महिनाभरापूर्वीच, ५ ऑक्टोबर २०२४ला, पंतप्रधानांच्या हस्ते इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं होतं.

'बंजारे झाले का' असं आजी सहज म्हणाली, पण त्या शब्दामागे बराच इतिहास आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हे लोक देशभर फिरायचे, मोठमोठ्या सैन्यांना रसद पुरवायचे. रेल्वे आणि पक्के रस्ते आले आणि धंदा गेला. त्यात इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि त्याच्या बडग्याखाली अनेक भटक्या जमातींबरोबर बंजारेही ठिकठिकाणी आले. नुसतं फिरणं हाच संशय! तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. तांडे स्थिरावले, शेती आली, पण कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही. मग पुन्हा चालणं सुरू, या वेळी उसाच्या फडाकडे.

परतताना एका तांड्याजवळ चहाला थांबलो. समोर ट्रक भरणं चालू होतं. भांडी, पाण्याचे ड्रम, गोधड्या, चुलीची लाकडं, एक शेळी. दिवाळी झाली की निघायचं ते मार्च-एप्रिलपर्यंत, पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यावर. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती सीझनभर फेडायची असते. या धंद्यात जोडप्याला म्हणतात एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मजुरी टनावर, जोडीची एकत्र. म्हणजे लग्न झालं की माणूस अर्ध्याचा पूर्ण होतो, असं जे मंगलाष्टकांनंतरच्या भाषणात सांगतात, ते इथे हिशोबाच्या वहीत लिहिलेलं असतं.

हातात हिरवा चुडा असलेली एक मुलगी ओट्यावर टेकली होती. वीसेक वर्षांची असेल. तिचाही पहिलाच सीझन. बायको आणि ती बोलायला लागल्या. आम्हीही निघालोय, घर सोडून फिरायला, असं बायकोने सांगितलं.

"कामाले?"

"हे काम करतील. मी... सोबत."

ती मुलगी खूप हसली. "नुसती सोबत? मंग तुमाले कोन कायले नेते?"

ट्रकवाल्याने हॉर्न दिला, ती उठून गेली. ड्रम चढवताना मी पाहिलं तर एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला तिचा नवरा. मी माझ्या बेताला आठवडाभर सगळ्यांसमोर 'भटकं आयुष्य' म्हणत होतो. त्या ट्रकसमोर तो शब्द तोंडातून निघाला नसता. आमच्याकडे परत यायची सोय होती, त्यांच्यावर परत यायच्या आत फेडायचं कर्ज होतं. तुलना होऊच शकत नाही, आणि मी ती करतही नाहीये. पण बायकोच्या डोक्यात त्या मुलीचा प्रश्न बसला होता.

मंगरुळपीर येईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "मी नोकरी सोडते असं तू आजींना सांगितलंस. मला कधी विचारलंस?"

मी आठवायला लागलो. खरंच आठवत नव्हतं. आम्ही नकाशे बघितले होते, हॉटेलांचे रेट काढले होते, माझ्या कंपनीचं व्हीपीएन कुठे चालेल याची एक एक्सेल शीट होती, तिला चार टॅब. तिच्या नोकरीचा टॅब नव्हता. मग मी जे बोललो ते गौडी रीतीत: तुझ्या करिअर-ग्रोथच्या दीर्घकालीन शक्यतांचा सर्वांगीण विचार करता वगैरे. तिने मधेच थांबवलं. "समास कमी कर."

"नाही विचारलं," मी म्हणालो. "चुकलं."

रात्री गच्चीवर बसून पुन्हा पहिल्यापासून बोललो. त्यात कळलं की फिरायचं तिलाही आहे. माझ्यापेक्षा जास्तच आहे. फक्त तिच्याकडे त्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेले पाच पेशंट होते आणि त्यांना मधेच दुसऱ्याच्या हवाली करून आल्याचं तिच्या मनाला लागलं होतं. मी ते एकदाही विचारलं नव्हतं. राजीनाम्याचा मेल तिने लिहून ठेवला होता, पाठवला नव्हता. दिवाळीची रजा संपायला अजून दोन दिवस होते.

मामांचं पुस्तक तिच्याकडेच होतं. त्यात राजशेखराच्या बायकोची, अवंतिसुंदरीची मतंसुद्धा आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्राच्या ग्रंथात नवरा बायकोचं मत तिचं नाव घेऊन लिहितो! एका ठिकाणी चर्चा अशी आहे, की कवितेतला शब्द जागचा हलवताच येत नाही अशी अवस्था आली म्हणजे कविता पिकली. अवंतिसुंदरी म्हणते, छे, ही पक्वता नाही, हा दुबळेपणा आहे. थोर कवीला एकच गोष्ट अनेक तऱ्हांनी सांगता येते, आणि त्या सगळ्या पिकलेल्या असतात. हे वाचून बायको म्हणाली, ही बाई मला आवडली.

सकाळी तिने हॉस्पिटलला फोन केला. राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा मागितली. आधी पुण्याला जाऊन ते पाच पेशंट पूर्ण करायचे, म्हणजे डिसेंबरअखेर, आणि मग जानेवारीपासून तीन महिने. तेवढी मिळाली. हिमाचलची खोली रद्द केली, आगाऊ भरलेले चार हजार गेले. माझी उचल बुडाली म्हणायची. पहिला मुक्काम तिने ठरवला, उज्जैन. ते दोघं परतताना अवंतीवरूनच गेले असणार, असा तिचा तर्क. नोकरी तीन महिन्यांनंतर सोडायची की नाही, ते तेव्हा ठरवायचं आणि तिने ठरवायचं.

फ्लॅट तर सोडलेला. त्यामुळे भटक्या आयुष्याचे पहिले दोन महिने आम्ही माझ्या बहिणीच्या हॉलमधे, आमच्याच वॉशिंग मशीनच्या शेजारी काढले. जानेवारीत पुन्हा वाशिमला आलो, आजीला भेटलो आणि सकाळच्या गाडीने आधी अकोला, तिथून पुढे. लहानपणी याच रुळांवरून मीटरगेजची गाडी जायची, ब्रॉडगेज २००८ साली झालं. खिडकीतून तुरीची शेतं दिसत होती. पुढचं पुन्हा कधीतरी लिहीन.

सातवं घड्याळ आजीच्या खोलीत लावलंय. तिच्या गुडघ्यांसाठी बायकोने चार व्यायाम शिकवले होते, रोज दहा मिनिटं. घड्याळात बघून करते, असं आजी फोनवर सांगते. आई म्हणते, खोटं बोलते.